एव्हरार्ड कॅलथ्रॉप

एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (३ मार्च, १८५७ - ३० मार्च, १९२७) हे ब्रिटिश रेल्वे अभियंता आणि संशोधक होते. महाराष्ट्रात 'बार्शी लाइट' या नावाने परिचित असलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे ते जनक मानले जातात. अरुंद रुळमापाच्या हलक्या रेल्वेची आखणी हा त्यांच्या कार्याचा मुख्य विषय होता. लहान रेल्वे म्हणजे मोठ्या रेल्वेची आखूड केलेली नक्कल नव्हे, तर रूळ, चाके, डबे आणि इंजिन यांचा एकत्रित विचार करून स्वतंत्रपणे रचलेली व्यवस्था होय, हा विचार त्यांनी प्रत्यक्ष उतरवून दाखवला. नाशिकची ट्राम व नेरळ-माथेरान रेल्वे यांचे ते सल्लागार अभियंता होते. इंग्लंडमधील लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे आणि बार्बाडोस बेटावरील रेल्वेची पुनर्बांधणी या कामांशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी वैमानिकांचे प्राण वाचवण्यासाठी 'गार्डियन एंजल' नावाची हवाई छत्री तयार केली.

प्रारंभिक जीवन

कॅलथ्रॉप यांचा जन्म इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडिलांचे नावही एव्हरार्ड असेच होते. भावंडांमध्ये ते सर्वांत मोठे. त्यांचे एक धाकटे बंधू सर गाय कॅलथ्रॉप हे पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे महाव्यवस्थापक झाले. कॅलथ्रॉप यांचे शालेय शिक्षण अपिंगहॅम येथील शाळेत झाले.

शिक्षणानंतर त्यांनी रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या नावाने चालणाऱ्या इंजिन बनवणाऱ्या कंपनीत काम सुरू केले. १८७४ मध्ये ते लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या क्रू येथील कारखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. त्या काळी रेल्वे अभियंत्याचे शिक्षण प्रामुख्याने कारखान्यातच होत असे. ओतकाम, लोहारकाम, जुळणी आणि दुरुस्ती या विभागांतून जात उमेदवार इंजिनाची रचना शिकत असे. १८७९ मध्ये कॅलथ्रॉप ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले. तेथे डबे आणि मालवाघिणी बांधणाऱ्या विभागात त्यांना अनुभव मिळाला. पुढील काळात इंजिनाइतकेच महत्त्व त्यांनी वाघिणीच्या सांगाड्याला दिले, त्याचे मूळ या अनुभवात दिसते.

भारतातील आगमन

१८८२ मध्ये कॅलथ्रॉप ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत (जीआयपी) इंजिन निरीक्षक म्हणून रुजू झाले. मुंबईहून निघणारे जीआयपीचे दोन मुख्य मार्ग तोपर्यंत पूर्ण झाले होते. एक मार्ग थळ घाट चढून नाशिक आणि खानदेशाकडे जात होता. दुसरा बोर घाटातून पुणे, सोलापूरमार्गे रायचूरपर्यंत पोहोचला होता. हे मार्ग ५ फूट ६ इंच (१,६७६ मिमी) रुळमापाचे, म्हणजे ब्रॉडगेज होते.

मुख्य मार्ग तयार झाले तरी त्यांच्यापासून वीस-पंचवीस मैलांवर असलेल्या बाजारपेठा बैलगाडीवरच अवलंबून होत्या. बार्शी हे त्याचे ठळक उदाहरण होते. बालाघाटाच्या पायथ्याशी असलेल्या या गावात कापूस आणि गळिताच्या धान्यांचा मोठा व्यापार चाले. पलीकडच्या निजामाच्या राज्यातूनही माल येथे येत असे. मात्र जीआयपीचे जवळचे स्थानक गावापासून सुमारे २१ मैल (३४ किमी) दूर होते. त्या स्थानकाचे नाव बार्शी रोड असे होते. तेच आजचे कुर्डुवाडी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा चिखलाने अडत आणि माल स्थानकापर्यंत नेणे कठीण होई. एवढ्या अंतरासाठी ब्रॉडगेजचा मार्ग बांधला असता तर त्याचा खर्च तेथील वाहतुकीतून निघण्यासारखा नव्हता.

कॅलथ्रॉप यांनी नोकरीत असतानाच अशा ठिकाणांसाठी हलक्या रेल्वेचा अभ्यास सुरू केला. १८८७ पासून त्यांनी बार्शीच्या मार्गासाठी सरकारशी बोलणी चालवली. मंजुरी आणि भांडवल या दोन्ही गोष्टी जुळून येण्यास मात्र आठ वर्षे लागली. मधल्या काळात ते जीआयपीची नोकरी सोडून इंग्लंडला परतले आणि सल्लागार अभियंता म्हणून व्यवसाय करू लागले.

याच सुमारास नाशिक शहर आणि नाशिक रोड स्थानक यांना जोडणारी घोड्यांची ट्राम सुरू झाली. तिचे सल्लागार अभियंता कॅलथ्रॉप होते. गावापासून दूर राहिलेले स्थानक स्वस्त आणि अरुंद मार्गाने गावाशी जोडणे, हा प्रश्न नाशिकला आणि बार्शीला सारखाच होता. नाशिकची ट्राम विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी बंद पडली.

लहान रेल्वेचा विचार

रेल्वेच्या दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतराला रुळमाप किंवा गेज म्हणतात. रुळमाप कमी केले की मार्ग अधिक तीव्र वळणे घेऊ शकतो. त्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी तिला वळसा घालता येतो, भराव अरुंद होतो, पूल हलके होतात आणि जमीन कमी लागते. परंतु केवळ रुळमाप कमी केल्याने रेल्वे स्वस्त होत नाही, असे कॅलथ्रॉप यांचे मत होते. खर्चाचा मोठा भाग रुळांच्या वजनात असतो आणि रूळ किती जड हवा हे सर्वांत जड आस ठरवते.

त्या काळच्या अनेक लहान रेल्वेमार्गांवर इंजिनाच्या एकेका आसावर बराच भार येई, तर वाघिणींच्या आसांवर त्याहून कितीतरी कमी. त्यामुळे संपूर्ण मार्गावर रूळ घालावे लागत ते इंजिनाच्या भारासाठी. गाडीतील उरलेली सर्व चाके त्या रुळांची ताकद वाया घालवत. कॅलथ्रॉप यांनी हा हिशेब उलटा मांडला. त्यांनी आधी रुळाची मर्यादा ठरवली आणि त्या मर्यादेत बसेल असेच प्रत्येक वाहन आखले. एका आसावर जास्तीत जास्त ५ टन भार, हा त्यांचा मूळ नियम होता. तो इंजिनाला, प्रवासी डब्याला आणि मालवाघिणीला सारखाच लागू होता.

या नियमामुळे प्रति यार्ड ३० पौंड (प्रति मीटर सुमारे १५ किलो) वजनाचा हलका रूळ पुरेसा ठरला. मुख्य मार्गावरील रूळ याच्या दुपटीहूनही जड असत. वाघिणीच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी दोन आसांची वळती चौकट बसवली की एकूण चार आस होतात आणि माल धरून वाघिणीचे वजन २० टनांपर्यंत जाऊ शकते. यातील जितके वजन वाघिणीचे स्वतःचे, तितका माल कमी. म्हणून त्यांनी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याचे सांगाडे वापरले. ते हलके असूनही मजबूत होते. वेगवेगळ्या प्रकारच्या वाहनांसाठी २५ फूट लांबीचा एकच सांगाडा वापरल्याने बांधणी आणि दुरुस्ती दोन्ही सोपी झाली.

इंजिनाचा प्रश्न अधिक अवघड होता. ओढण्यासाठी इंजिनाला वजन लागते, पण तेच वजन रुळाला जड होते. लीड्स येथील किटसन कंपनीने बार्शीसाठी बांधलेल्या पहिल्या इंजिनांत आठ चाके एकमेकांना जोडलेली होती आणि मागे चार वाहक चाके होती. अशा रीतीने इंजिनाचे वजन सहा आसांवर विभागले गेले आणि ५ टनांची मर्यादा पाळली गेली.

रुळमापासाठी कॅलथ्रॉप यांनी २ फूट ६ इंच (७६२ मिमी) हे अंतर निवडले. त्यापेक्षा अरुंद मार्ग अधिक स्वस्त झाला असता, पण पुरेसा रुंद डबा आणि पुरेशी स्थिरता मिळाली नसती.

बार्शी लाइट रेल्वे

जुलै १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनीची स्थापना झाली आणि कॅलथ्रॉप तिचे सल्लागार अभियंता झाले. वाहने भारतात पाठवण्यापूर्वी त्यांनी लीड्सजवळ न्यूले येथे एक चाचणी-मार्ग उभारला. त्यावर वाहने चालवून अभियंत्यांना आणि इतर निमंत्रितांना या व्यवस्थेची क्षमता दाखवण्यात आली. ही वाहने पुढे समुद्रमार्गे हजारो मैल दूर जाणार होती. आखणीतील चूक बार्शीच्या माळावर लक्षात आली असती, तर ती सुधारण्यास अनेक महिने लागले असते. न्यूले येथील प्रयोगामुळे संपूर्ण व्यवस्था आधी लहान अंतरावर पारखून घेता आली. हलक्या रेल्वेविषयी शंका घेणाऱ्यांसमोर तिचे प्रात्यक्षिकही झाले.

बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. १८९६-९७ हे दख्खनमधील भीषण दुष्काळाचे वर्ष होते आणि सोलापूर जिल्हा त्यात होरपळला होता. अशा प्रदेशात धान्य आणि चारा वेळेवर पोहोचण्यासाठी मुख्य मार्गाशी कायम जोडलेली वाट असणे किती महत्त्वाचे आहे, हे त्या काळात प्रकर्षाने जाणवत होते. पाठोपाठ १८९९-१९०० मध्ये या भागावर आणखी एक मोठा दुष्काळ आला.

१९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंतचा फाटा सुरू झाला. त्यापूर्वी रेल्वेने येणारे भाविक बार्शी रोडला उतरून सुमारे पन्नास किलोमीटरचा प्रवास बैलगाडीने किंवा पायी करीत. दिंडीबरोबर चालत जाणाऱ्या वारकऱ्यांची परंपरा या रेल्वेने बदलली नाही. मात्र वृद्धांना, दूरच्या प्रांतांतील यात्रेकरूंना आणि वारीहून परतणाऱ्यांना ती मोठा आधार ठरली. आषाढी आणि कार्तिकी एकादशीच्या सुमारास या मार्गावर वर्षातील सर्वाधिक गर्दी होई. वर्षातील काही दिवस लोटणारी गर्दी आणि एरवी होणारी कापूस-धान्याची वाहतूक ही दोन्ही कामे या लहान मार्गाला पेलावी लागत.

दुसऱ्या दिशेने हा मार्ग बार्शीच्या पुढे येडशीचा चढ पार करून निजामाच्या राज्यात शिरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचला. लातूरची बाजारपेठ वाढण्यास या रेल्वेचा हातभार लागला. पंढरपूरहून सांगोल्यामार्गे मिरजेपर्यंतचा अखेरचा टप्पा १९२७ मध्ये पूर्ण झाला आणि एकूण मार्ग २०२ मैलांचा (३२५ किमी) झाला. त्याच वर्षी कॅलथ्रॉप यांचे निधन झाले. त्या काळी मिरज हे मीटरगेज मार्गावरील स्थानक होते. त्यामुळे कुर्डुवाडीला ब्रॉडगेज आणि मिरजेला मीटरगेज यांच्यामध्ये बार्शी लाइटचा नॅरोगेज मार्ग, अशी तीन रुळमापांची साखळी तयार झाली.

या रचनेची सर्वांत मोठी अडचण याच साखळीत होती. रुळमाप बदलले की माल एका वाघिणीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. त्यात वेळ जाई, मजुरी लागे आणि नासाडीही होई. मार्ग जितका आखूड, तितका या अदलाबदलीच्या खर्चाचा वाटा मोठा. स्वस्त बांधणीचा लाभ आणि मालाच्या अदलाबदलीचा तोटा यांचा हा ताळेबंद नॅरोगेज रेल्वेच्या साऱ्या इतिहासात दिसतो. गाड्यांचा वेगही बेताचा होता. रस्त्यावरील मोटार वाहतूक वाढल्यावर या दोन्ही उणिवा अधिक जाणवू लागल्या.

नेरळ-माथेरान रेल्वे

मुंबईजवळील माथेरान हे थंड हवेचे ठिकाण नेरळ स्थानकाशी जोडण्यासाठी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने रेल्वे बांधली. तिचे बांधकाम १९०४ मध्ये सुरू झाले आणि १९०७ मध्ये ती वाहतुकीस खुली झाली. या मार्गाचे सल्लागार अभियंता कॅलथ्रॉप होते. येथे २ फूट (६१० मिमी) रुळमाप वापरण्यात आले. सुमारे २० किमी लांबीच्या या मार्गावर काही ठिकाणी २० फुटांमागे १ फूट असा तीव्र चढ आहे आणि वळणे अतिशय आवळ आहेत. बार्शीच्या मोकळ्या माळावर प्रश्न भाराचा होता, तर माथेरानच्या डोंगरात तो वळणाचा आणि चढाचा होता. येथील वाफेच्या इंजिनांच्या टोकाकडील आसांना वळणावर थोडे बाजूला सरकण्याची सोय होती. त्यामुळे चाके रुळावर न घासता वळण घेऊ शकत.

परदेशातील कामे

कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर ३ फूट ६ इंच रुळमापाची रेल्वे १८८० च्या दशकात सुरू झाली होती, पण ती आर्थिक अडचणीत सापडली. १८९८ मध्ये कॅलथ्रॉप यांच्या सल्ल्याने तिची २ फूट ६ इंच रुळमापावर पुनर्बांधणी झाली. ही रेल्वे १९३७ पर्यंत चालली.

इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात वॉटरहाउसेस ते हुल्म एंड या सुमारे सव्वाआठ मैलांच्या मार्गावर कॅलथ्रॉप यांनी लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वेची आखणी केली. ती जून १९०४ मध्ये सुरू झाली. तिच्या इंजिनांवर आणि डब्यांवर बार्शीची छाप स्पष्ट होती. डब्यांच्या टोकांना भारतीय पद्धतीचे उघडे सज्जे होते. किटसन कंपनीने बांधलेल्या दोन इंजिनांपैकी एकाला कॅलथ्रॉप यांचे आणि दुसऱ्याला निवासी अभियंता जे. बी. अर्ल यांचे नाव देण्यात आले.

माल उतरवून पुन्हा भरण्याच्या अडचणीवर कॅलथ्रॉप यांनी येथे उपाय योजला. रुंद मार्गावरील संपूर्ण वाघीणच नॅरोगेजच्या एका बसक्या वाहनावर चढवायची आणि ती तशीच पुढे न्यायची, अशी ही पद्धत होती. युरोपात असे प्रयोग झाले होते, पण ब्रिटनमध्ये ही पद्धत प्रथमच वापरली गेली. खोऱ्यातील दुधाची वाहतूक हा या रेल्वेचा मुख्य आधार होता. ही वाहतूक रस्त्याकडे वळल्यावर १९३४ मध्ये मार्ग बंद झाला. त्याची वाट पुढे पायी फिरणाऱ्यांसाठी खुली करण्यात आली.

हवाई छत्री

रोल्स-रॉइस कंपनीचे एक संस्थापक चार्ल्स रोल्स हे कॅलथ्रॉप यांचे स्नेही होते. जुलै १९१० मध्ये बोर्नमथ येथे विमान कोसळून रोल्स यांचा मृत्यू झाला. या घटनेनंतर कॅलथ्रॉप विमानातून सुरक्षितपणे उतरण्याच्या साधनाकडे वळले. १९१३ मध्ये त्यांनी हवाई छत्रीचे एकस्व घेतले आणि पुढे तिला 'गार्डियन एंजल' असे नाव दिले.

या छत्रीचे रेशमी कापड विमानाला बांधलेल्या पेटीत घडी घालून ठेवलेले असे आणि वैमानिकाच्या अंगावरील पट्ट्यांना दोराने जोडलेले असे. वैमानिकाने उडी मारताच त्याच्या वजनाने छत्री पेटीतून ओढली जाऊन उघडत असे. जानेवारी १९१७ मध्ये न्यूझीलंडचे वैमानिक क्लाइव्ह कॉलेट यांनी ऑर्फर्डनेस येथे विमानातून या छत्रीसह यशस्वी उडी मारली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थॉमस ऑर्ड-लीस यांनी लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून ती कमी उंचीवरही उघडते हे दाखवले. ऑर्ड-लीस हे शॅकलटन यांच्या अंटार्क्टिक मोहिमेतील सदस्य होते.

तरीही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना लढाऊ विमानात छत्री मिळाली नाही. बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांना छत्र्या दिल्या जात, पण विमानांसाठी छत्रीचे वजन, तिची जागा आणि विश्वासार्हता यांविषयी अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतले. पेट घेतलेल्या विमानात अडकून अनेक तरुण वैमानिक मृत्युमुखी पडले. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक मात्र छत्री वापरू लागले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इटलीच्या आघाडीवर आलेस्सांद्रो तांदुरा या इटालियन सैनिकाला 'गार्डियन एंजल'च्या साहाय्याने शत्रूच्या प्रदेशात उतरवण्यात आले. ज्या साधनाची रचना वैमानिकाचा जीव वाचवण्यासाठी झाली होती, त्याचा युद्धातील हा उपयोग हेरगिरीसाठी झाला. युद्धानंतर पाठीवर बांधायची आणि हाताने उघडायची छत्री अमेरिकेत विकसित झाली. ब्रिटिश हवाई दलाने १९२० च्या दशकात तिचा स्वीकार केला.

अश्वपालन आणि अखेरचा काळ

कॅलथ्रॉप यांच्या पत्नीचे नाव इसाबेल मेरी अर्ल होते. त्यांचे वास्तव्य एसेक्समधील लाउटन येथे होते. अरबी घोड्यांची पैदास हा त्यांचा आवडीचा विषय होता. घोड्याला धाकाने नव्हे तर विश्वासाने शिकवावे, या भूमिकेतून त्यांनी 'द हॉर्स, अ‍ॅज कॉम्रेड अँड फ्रेंड' हे पुस्तक लिहिले. ते १९२० मध्ये प्रकाशित झाले. ३० मार्च १९२७ रोजी लंडन येथे वयाच्या ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रतिकृती-रेल्वेच्या आखणीशी संबंध

कॅलथ्रॉप यांनी खेळण्यातील किंवा प्रतिकृतींच्या रेल्वे बांधल्या नाहीत. तथापि त्यांची आखणीपद्धत प्रतिकृती-रेल्वेच्या छंदात उपयोगी ठरते आणि त्यांनी रचलेले मार्ग प्रतिकृतीसाठी सोयीचे मानले जातात. घरातील मर्यादित जागेत मुख्य मार्गावरील लांब गाडी आणि तिचे विस्तीर्ण वळण बसवणे कठीण असते. आखूड गाड्या, आवळ वळणे, छोटी स्थानके आणि मोजकी वाहने असलेला नॅरोगेज मार्ग त्या मानाने सहज सामावतो. ब्रिटनमधील हौशी कारागीर लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वेच्या प्रतिकृती आजही तयार करतात.

अशी प्रतिकृती करताना प्रमाण आणि रुळमाप या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लक्षात घ्यावे लागते. प्रमाण म्हणजे मूळ वस्तू किती पटीने लहान केली, तर रुळमाप म्हणजे प्रतिकृतीच्या रुळांमधील प्रत्यक्ष अंतर. ७६२ मिमीचा मार्ग १:८७ या प्रमाणात सुमारे ८.८ मिमी होतो. त्यामुळे बाजारात सहज मिळणारा ९ मिमीचा रूळ त्याला जवळपास तंतोतंत लागू पडतो. १ फुटाला ४ मिमी या ब्रिटिश प्रमाणात तोच मार्ग १० मिमीचा होतो. अनेक हौशी कारागीर तेथेही सोयीसाठी ९ मिमीचाच रूळ वापरतात. लांबीच्या बाबतीत मात्र तडजोड अटळ असते. कुर्डुवाडी ते बार्शी हे २१ मैलांचे अंतर १:८७ या प्रमाणातही सुमारे ३९० मीटर भरते. म्हणून प्रतिकृतीत संपूर्ण मार्ग न दाखवता एखादे स्थानक, एखादा पूल आणि मधला थोडा भाग निवडला जातो.

आखणीचा क्रमही कॅलथ्रॉप यांच्या क्रमाशी जुळतो. प्रथम मर्यादा ठरवाव्या लागतात: सर्वांत आवळ वळण किती, सर्वांत तीव्र चढ किती आणि सर्वांत लांब गाडी किती डब्यांची. स्थानकातील बाजूचा रूळ त्या गाडीहून आखूड असेल तर दोन गाड्यांना एकमेकींना ओलांडता येत नाही. माथेरानसारखा १:२० चढ घेतल्यास एक मीटरमध्ये रूळ ५ सेंटिमीटर वर जातो. १:४० चढात तेवढ्याच उंचीसाठी दोन मीटर लागतात. चढ आणि वळण एकाच ठिकाणी आले तर इंजिनाची ओढण्याची क्षमता आणखी घटते. टेकड्या, झाडे आणि घरे यांची रचना या हिशेबानंतर करायची असते. कायम जोडणी करण्यापूर्वी रूळ तात्पुरते मांडून सर्वांत लांब गाडी चालवून पाहण्याची पद्धत आहे. बार्शीची वाहने न्यूले येथे चालवून पाहण्यामागे हेच तत्त्व होते.

महाराष्ट्रात या छंदाची ओळख करून देणारे ठिकाण म्हणजे पुण्यातील कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. १९९८ पासून तेथे चालत्या गाड्या, सिग्नल आणि लहानसे शहर असलेली मांडणी पाहता येते.

वारसा

१ जानेवारी १९५४ रोजी बार्शी लाइट रेल्वे भारत सरकारने ताब्यात घेतली आणि ती मध्य रेल्वेचा भाग झाली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतरित करण्यात आला. त्यामुळे कुर्डुवाडीला माल आणि प्रवासी यांची अदलाबदल करण्याची गरज उरली नाही. लातूर, पंढरपूर आणि मिरज ही स्थानके देशाच्या मुख्य जाळ्याशी थेट जोडली गेली. कॅलथ्रॉप यांनी घातलेले हलके रूळ आता त्या वाटेवर नाहीत. मात्र १८९७ ते १९२७ या तीस वर्षांत आकाराला आलेली लातूर-कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज ही दिशा आजच्या ब्रॉडगेज मार्गानेही कायम ठेवली आहे. नेरळ-माथेरान रेल्वे मूळच्याच २ फूट रुळमापावर राहिली आहे. सोलापूर, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतील जुन्या पिढीच्या बोलण्यात 'बार्शी लाइट' हे नाव अजूनही ऐकू येते.